वाकल्या घोट्यांची फौज

आमच्या घरात रोमन सैन्य राहतं, हे मी ऑफिसात कुणाला कधी कळू दिलं नाही. सरकारी कचेरीत कारकुनी करत मी नोकरी काढली, आणि तिथे डबा खाताना बायका एकमेकींच्या नवऱ्यांची व्यसनंही वाटून घेत. कुणाचे पत्ते, कुणाचा तंबाखूचा खर्रा, कुणाचं त्याहून पुढचं काही. मी म्हणायची, आमच्या ह्यांना कसलाच नाद नाही. हिंगण्याच्या कारखान्यात प्लास्टिकच्या बादल्या काढणाऱ्या मशीनवर सुपरवायझर असलेला, पन्नाशी उलटलेला माणूस सुटीच्या दिवशी खोलीत बसून दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिपायांना रांगेत उभं करतो, हे सांगायचं तरी कोणत्या तोंडानं? त्यापेक्षा खर्रा परवडला असता. निदान चारचौघींत बोलता आलं असतं.

शिपाई म्हणजे लहान मुलांच्या पाकिटातून निघतात तसले बोटभर नव्हेत. माझ्या पंजाएवढा एकेक. अंगावर पट्ट्यापट्ट्यांचं चिलखत, एका हातात पन्हाळीसारखी वाकवलेली मोठी ढाल, दुसऱ्यात भाला, गुडघे उघडे आणि पायात वहाणा. चेहरे मात्र सगळ्यांचे सारखेच, रेशनच्या रांगेत तास घालवल्यासारखे. शिरस्त्राणावर आडवा तुरा असलेला जो नायक होता त्याला हे मुकादम म्हणत. जनावराचं कातडं पांघरून निशाण धरणारा तो वाघवाला. पहिल्या रांगेला फर्स्ट शिफ्ट, मागच्या रांगेला सेकंड शिफ्ट. नोकरी घरी आणू नये म्हणतात, ह्यांनी आणली ती अशी.

सुरुवात सीताबर्डीच्या रविवारच्या बाजारात झाली. जुन्या चार्जरच्या आणि बिनकाट्याच्या घड्याळांच्या ढिगात एक हात तुटलेला शिपाई पडलेला होता. हे खाली बसले, त्याला उलटा केला, नखानं टोकरला, आणि मला म्हणाले, "माल पाय वं. नरम प्लास्टिक आहे, पण जोड दिसून राहिला का कुठं?" मला जोडही दिसत नव्हता आणि त्यात पाहण्यासारखंही काही दिसत नव्हतं. घरी आल्यावर ह्यांनी फुटक्या लाल बादलीच्या तुकड्यातून त्याला हात करून दिला. मग फोनवर असले वेडे शोधण्याची सोय झाली, आणि पार्सलं यायला लागली. पश्चिमेकडची मागची खोली हळूहळू फौजेची झाली. तीन भिंतींना प्लायवूडच्या फळ्या, मधे टेबल, आणि सगळ्यांची तोंडं दाराकडे. पोरगी पुण्याला गेली तेव्हा तिचा पलंगसुद्धा ह्यांनी हॉलमध्ये हलवला. मी दोन दिवस बोलले नाही, तर ह्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

वेड्याला जोडीदार मिळतोच, तसा ह्यांना चंद्रपूरचा एक मिळाला. जनावरांचे डॉक्टर, तेही निवृत्त. त्यांच्याकडे रोमचे शत्रू होते, कार्थेजवाले, हत्तींसकट. फोनवर दोघं एकमेकांना धमक्या देत. "तुह्या हत्तीले म्हणा पैले नागपूरचा पूल ओलांडून दाखव," असं हे ओरडत, आणि मी स्वयंपाकघरात कपाळावर हात मारून घेत असे. वर्षातून एकदा डॉक्टर येत, दोघं दिवसभर त्या खोलीत बसत, आणि जेवायला हाक मारली की युद्ध थांबल्यासारखे बाहेर येत.

आता नागपूरचा उन्हाळा आणि नरम प्लास्टिक यांचं पटत नाही. एप्रिल लागला की भाल्यांची टोकं खाली झुकायला लागत, मग शिपायांचे घोटे मऊ पडत आणि सबंध शिपाई पुढे कलत जाई. त्यावर ह्यांचा उपाय होता. कढत पाण्यात पाय बुडवायचे, प्लास्टिक सैल झालं की बोटांनी सरळ करायचं, आणि तसंच धरून माठाच्या पाण्यात घालायचं. गारव्यानं ते तिथल्या तिथे आवळतं. नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांच्या आधी सगळ्या फौजेची अशी आंघोळ होई. पहिल्या वर्षी माझं भाताचं पातेलं नेलं म्हणून मी घर डोक्यावर घेतलं, तेव्हा दुसरं पातेलं आलं. हॉलमधला कूलरही उन्हाळाभर त्या खोलीच्या दारात तिरका लावलेला असे. वाळ्याचा थंडगार वारा रोमन सैन्याला आणि घाम आम्हाला.

पण त्या खोलीचा एक आवाज होता. हे शिपाई उचलत, पुसत, फळीवर ठेवत, आणि ठेवताना आवाज येई, टक्. मी जेवण उरकून स्वयंपाकघरातल्या गार फरशीवर आडवी झालेली असायची. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग टक्. आमच्या दोघांच्या नोकऱ्या संपल्यावर रोजची दुपार अशीच जाऊ लागली. चारच्या सुमाराला मी पडल्यापडल्या विचारायची, "चहा ठेवू का?" आणि आतून उत्तर यायचं, "ठेव नं." आमच्यात दुपारभराचं बोलणं एवढंच. ते पुरत होतं, हे तेव्हा कळत नव्हतं.

हे गेले ते दिवाळीनंतर, आंघोळीला पाणी काढता काढता. हार्ट. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं झालं होतं. पुढचं पोरीनं आणि जावयानं केलं, शेजारणीनं चुलीपासून अंथरुणापर्यंत माझं घर सांभाळलं. ही शेजारीण माझ्यापेक्षा मोठी आहे, तोंडानं फटकळ आणि पायानं सदा आमच्या दारात. चंद्रपूरचे डॉक्टर तेव्हा येऊ शकले नाहीत, त्यांचंच बायपास झालेलं होतं. फोनवर त्यांचा नुसता श्वास ऐकू येत होता. मग मीच फोन ठेवला.

थंडीभर मी मागच्या खोलीत गेले नाही. दार लोटलेलं होतं. आतून काही आवाज येत नव्हता आणि तो येणार तरी कशाला?

एप्रिल निम्मा सरला होता. मी नेहमीसारखी फरशीवर पडले होते, डोळा लागत होता. मागच्या खोलीतून आवाज आला, टक्. आणि मी डोळे न उघडता म्हटलं, "चहा ठेवू का?"

खरं सांगते, मी उत्तराची वाटही पाहिली. मग उठून बसले. अंगाला घाम फुटला होता आणि तो उन्हाचा नव्हता. दार ढकललं तर भट्टीसारखी झळ तोंडावर आली. एक शिपाई तोंडघशी पडला होता. बाकीचे सगळे थोडे थोडे पुढे झुकलेले, आणि पुढे म्हणजे दाराकडे. मी उंबऱ्यात उभी, आणि सबंध फौज वाकून माझ्याकडे पाहत होती. त्यांच्या अंगावर ओल चमकत होती. नरम प्लास्टिकात मऊपणासाठी घातलेलं तेल उन्हानं बाहेर येतं, हे मला ह्यांनीच कधीतरी सांगितलं होतं. ते आठवूनही मी चौकट धरली. मेलेल्या माणसाच्या खोलीत शिपायांना घाम सुटला होता.

मी पडलेल्याला उचलून उभा केला आणि पळत बाहेर आले. दुसऱ्या दिवशी तोच पडला, आणि आणखी एक. टक्, टक्. ठेवताना येतो अगदी तसाच आवाज. त्यात जरासुद्धा फरक नव्हता.

काय करायचं ते मला ठाऊक होतं. पातेलं होतं, माठ होता, कूलर होता. कूलर नुसता दारात लावला असता तरी पडझड थांबली असती. मी उलट केलं. कूलरचं बटणच बंद केलं आणि त्या खोलीची पश्चिमेची खिडकी उघडी टाकली, झळ सरळ आत येईल अशी. मला ते पडायला हवे होते. ते पडत होते तोवर दुपारी मागच्या खोलीत कुणीतरी होतं. हे भ्रमिष्टपणाचं आहे हे मला समजत होतं, आणि तरी दुपारचं जेवण घाईघाईनं उरकून मी फरशीवर जाऊन पडत असे, लग्नाला आलेली पोर पाहुण्यांची वाट बघते तशी.

पोरगी रोज फोन करायची. उन्हाळ्याला पुण्याला ये, तिकीट काढते. मी म्हणायची, पेन्शनचं काम आहे, गुडघा दुखतो, कुरडया घालायच्या आहेत. एकदा व्हिडिओवर तिनं विचारलं, "आई, तू एवढी घामाघूम काहून?" म्हटलं, कूलरमधे पाणी भरून राहिली होती. शेजारणीला मात्र थापा चालत नाहीत. "कूलर काहून बंद वं तुझा? आवाज नाही येऊन राहिला. उन्हानं मरशील ना एखाद्या दिवशी." मी म्हटलं, मोटर जळली. तिनं तिच्या पोराला पाठवते म्हटलं, मी नको म्हटलं. तिला ताकास तूर लागू द्यायची नाही असं मी ठरवलं होतं. कळलं असतं तर तिनं येऊन सगळं नीट करून टाकलं असतं, आणि नीट झालेलंच मला नको होतं.

एक काळजी होती. पडलेला शिपाई मी पुन्हा उभा करायची, पण चार-पाचदा पडल्यावर त्याचा घोटा असा मुडपायचा की तो उभाच राहत नसे. मग तो आडवाच. महिनाभरात अर्धी फौज आडवी झाली, मुकादम त्यातलाच. एखाद्या दुपारी काहीच पडायचं नाही. त्या दिवशी मला जेवण गोड लागायचं नाही आणि संध्याकाळी मी देवाला दिवा लावायची विसरायची. शेवटचा शिपाई पडल्यावर काय, हा विचार रोज येई. ह्यांना एकदा नेलं होतं. आता ते हळूहळू, रोज थोडेथोडे जात होते, आणि तेही माझ्या डोळ्यांसमोर.

मेच्या मध्यावर चंद्रपूरचे डॉक्टर आले. फोन न करता, सकाळच्या बसनं, डोक्याला दुपट्टा बांधून. अंगानं अर्धे झाले होते. माझ्यासमोर बसले, पाणी प्याले, ह्यांच्या फोटोला नमस्कार केला आणि सरळ मागच्या खोलीत गेले. मी थांबवायच्या आत दार उघडलं होतं.

"वहिनी! हे काय होऊन गेलं?"

ते टेबलापाशी खाली बसले. मुकादमाला हातात घेऊन त्याचा मोडका घोटा अंगठ्यानं चाचपला, जनावराचा चाचपावा तसा. मला वाटलं चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं, मीही चार शब्द ऐकवले असते. ते म्हणाले, "तुमाले कसं माहीत राहणार. माझीच चूक. मी एप्रिलमधेच याले पाहिजे होतं." मग पिशवीतून एक डबा काढला. त्यात बारीक पोलादी तार, हातानं फिरवायचं छोटं ड्रिल, पक्कड. "दिवाळीत फोन झाला होता आमचा. तो म्हणे, येत्या उन्हाळ्यात माझ्या फौजेले तार टाकून दे गा. दरसाल आंघोळी घालून थकलो. माझे हत्ती चंद्रपूरच्या उन्हात बसून गेले होते, त्याईले तार टाकली तेव्हापासून उभे आहेत. कुत्र्याच्या मोडक्या पायात सळई टाकत होतो मी, तसंच. टाचेतून पोटरीपर्यंत. एकदा टाकली की मग विषय संपला."

मी दाराला धरून उभी होते. नको म्हणायचं माझ्या जिभेवर आलं होतं. पण नको कसं म्हणू? ह्यांनी सांगितलेलं काम होतं. मला सांगितलं नव्हतं, शत्रूला सांगितलं होतं, याचाही जरा राग आला. आणि हा माणूस छाती चिरलेली असताना, भर उन्हात, मेलेल्या मित्राचं राहिलेलं काम करायला आला होता. त्याला मी काय सांगणार होते? की भाऊ, राहू द्या, ह्यांना पडू द्या, ते पडले की माझा नवरा घरी येतो?

मी पातेल्यात पाणी तापवून आणून दिलं. माठातलं दुसऱ्या भांड्यात दिलं. कूलर लावला. मोटर पहिल्या फटक्यात सुरू झाली.

जेवणं झाली आणि ते पुन्हा आत बसले. मी फरशीवर आडवी झाले. कूलरची घरघर, वाळ्याचा ओला वास. मग, टक्. ते एकेकाला सरळ करत होते, तार टाकत होते, फळीवर ठेवत होते. टक्. मी मनाशी म्हटलं, हा आवाज ऐकायचा नाही. पण कान कुणाच्या बापाचं ऐकतात! टक्. महिनाभर आवळून धरलेलं अंग सैल पडत गेलं. किती महिन्यांनी मला दुपारची गाढ झोप लागली.

जाग आली ती चारच्या उन्हानं. आत चालूच होतं, टक्. मी पडल्यापडल्या म्हटलं, "चहा ठेवू का?"

"ठेवा ना वहिनी. साखर नको, शुगर आहे मले."

मी उठले, गॅस पेटवला, भांडं ठेवलं, आणि ओट्याला धरून उभी राहिले. तो आवाज ह्यांचा नव्हताच. तो प्लास्टिकचा आणि प्लायवूडचा होता. कुणीही ठेवला तरी तसाच येतो. शिपाई उन्हानं पडला तरी तसाच येतो. ह्यांचं त्यात काहीच नव्हतं, आणि मी महिनाभर त्याच्या पायाशी बसले होते. चहा उतू गेला. मी दुसरा टाकला, बिनसाखरेचा.

संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. मुकादम पुढे, वाघवाला निशाण घेऊन बाजूला, दोन्ही शिफ्ट हजर. डॉक्टरांनी टेबल धरून गदागदा हलवलं. एकही हलला नाही. "पन्नास डिग्री होऊ द्या वहिनी, आता हे पडत नाहीत." ते हसत होते. मग हसता हसता त्यांनी चष्मा काढला आणि दुपट्ट्यानं तोंड पुसत म्हणाले, "माझ्याशी लढणारं कोणी नाही राहिलं आता." मला त्यांचा फार राग यायला हवा होता. आला नाही. मी त्यांना वाटेत खायला चिवडा बांधून दिला आणि बसस्टँडच्या ऑटोत बसवून दिलं.

दुसऱ्या दिवशी जेवण केलं, भांडी घासली, कूलरमध्ये पाणी भरलं. कूलर बंद ठेवायचं आता काही कारण उरलं नव्हतं. फरशीवर आडवी झाले. दुपार झाली, उतरली. कूलर घरघरत होता. मी कान देऊन नव्हते असं म्हणणार नाही. काहीच आलं नाही. येणार नव्हतं हे मला माहीत होतं, पण माहीत असणं आणि तसं होणं यात सबंध दुपार जाते.

मग मी उठून मागच्या खोलीच्या दारात गेले. सगळे ताठ उभे होते. कुणी झुकलं नव्हतं. माझ्याकडे कुणी पाहत नव्हतं. माझ्या डोक्यावरून, दाराच्या चौकटीकडे कुठेतरी पाहत होते, दुकानातल्या खेळण्यांसारखे. त्या खोलीत मी सोडून कुणी नव्हतं.

ह्यांना नेलं तेव्हा मी रडले होते. बायका रडवतात तशी, लोकांसमोर, पदर तोंडाला लावून. हे रडू तसं नव्हतं. ते पोटातून आलं आणि मला आवरता आलं नाही. मी उंबऱ्यात बसले आणि हंबरले. शेजारीण गच्चीवर कुरडया घालत होती. चिकाच्या हातांनीच धावत आली.

"काय झालं वं? काहून रडून राहिली? कोण गेलं?"

"आमचे हे गेले," मी म्हटलं.

दिवाळीनंतर ह्यांच्या अंगावर शाल तिनंच घातली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग खोलीत पाहिलं. हात लुगड्याला पुसले आणि माझ्याजवळ उंबऱ्यात बसली.